एकेचाळीसशे पावलं

सेनापतीला मरून सातशे वर्षं झाली होती, पण त्याला अजून कुणी धड मरू दिलं नव्हतं. शहराच्या मुख्य चौकात तो घोड्यावर बसून होता, तलवार उगारून, घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत. त्याच्या नावाचा बस डेपो होता, शाळा होती, सिमेंटही होतं, आणि सिमेंटच्या पोत्यावरही तो घोड्यावरून उतरायला तयार नव्हता. निवडणूक आली की दोन्ही पक्ष त्याला आपापल्या बाजूला ओढायचे, आणि ती संपली की त्याच्या डोक्यावर कबुतरं बसायची. त्याची गोष्ट शाळेतल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ. नदीत गुडघाभर पाणी असतं त्या उतारावर तीनशे माणसं घेऊन तो उभा राहिला, परक्यांची फौज दोन दिवस रोखली, तिसऱ्या दिवशी पोटात भाला लागला, आणि त्याच्या माणसांनी त्याला झोळीत घालून नदीकाठानं वर नेलं. तिथून पुढं पुस्तकात एकच ओळ होती. त्याला कुठं पुरलं, ते ठाऊक नाही.

त्या एका ओळीपायी बाबांनी तीस वर्षं घातली.

बाबा मोजणी खात्यात होते. लोकांच्या जमिनी मोजून द्यायच्या, हद्दीचे दगड रोवायचे, भावाभावांच्या भांडणात मधे उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांचं पाऊल खात्यात प्रसिद्ध होतं. शंभर मीटरला एकशे पंचवीस पावलं, म्हणजे पाऊल ऐंशी सेंटीमीटरचं. चढ असो, चिखल असो, त्यात फरक नाही. मोजणीची साखळी तुटली की साहेब म्हणायचे, मोजणीदाराला चालवा. घरी मात्र या पावलाचं कुणाला कौतुक नव्हतं. लहानपणी रविवारी बाबा मुलीला फिरायला न्यायचे, म्हणजे बाबा चालायचे आणि ती मागून पळायची. "बाबा, थांबा ना," असं ती ओरडायची, आणि बाबा पावलं मोजत असल्यामुळे त्यांना ऐकू जायचं नाही. ती सगळ्या गोष्टी सरळ रेषेत लावते म्हणून त्यांनी तिचं नाव 'पट्टी' ठेवलं होतं. पुढं पट्टी खरोखरच नकाशे काढायला लागली, सरकारी नकाशाघरात, आणि तिथं तिची चूक शोधून दाखवणारा माणूस अजून निपजायचा होता.

बाबांना जाऊन बारा दिवस झाले तेव्हा स्मारक खात्याचं पत्र आलं. सहा वर्षांपूर्वी केलेल्या आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला आहे. सेनापतीला जिथं पुरलं ती जागा आपण दाखवावी. खातं पाहणी करील आणि पटल्यास तिथं दगड बसवील. पत्र हातात धरून पट्टी बराच वेळ दारातच उभी राहिली. सरकारी टपालाला वेळेचं भान नसतं हे तिला माहीत होतं, पण इतकं?

तिनं होकार कळवला. प्रेमानं नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बाबांवर तिचा राग होता, आणि तो साधासुधा नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी आईचं पहिलं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालण्याची दगदग अजिबात करायची नाही. दोन महिन्यांनी आई आठवडाभर मावशीकडे गेली, माणसांत राहील म्हणून, आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाबा पिशवी उचलून सेनापतीच्या मागं निघून गेले. परत आले ते जागा सापडल्याचं सांगत. आई पुढं चार महिने जगली. अंत्यविधीला सगळे जमलेले असताना पट्टीनं बाबांना विचारलं होतं, "ती झुरत होती तेव्हा तुम्ही मुडद्याच्या मागं फिरत होतात ना?" बाबा काही बोलले नाहीत. त्यानंतर ती दर रविवारी जायची, औषधं नेऊन द्यायची, हवापाण्याचं बोलायची आणि बस चुकेल म्हणून उठायची. नऊ वर्षं अशीच गेली. आता तिला एवढंच बघायचं होतं की ज्याच्यासाठी तो आठवडा खर्ची पडला, ते निदान खरं तरी होतं का.

बाबांची वही तिच्याकडे होती. वही कसली, वह्या होत्या, एकतीस. शेवटच्या वहीत त्या आठवड्याचं एक पान होतं. सुरुवात उतारावरच्या जुन्या दगडी खांबापासून, काठच्या वाटेनं प्रवाहाच्या उलट. दर शंभर पावलांना एक काडी. मधे मधे 'ब' असं अक्षर आणि पुढं एखादी खूण, कुठं कट्टा, कुठं पडकी भिंत. शेवटी लिहिलेलं, एकूण पावलं ४१००. झरा, दोन सपाट दगड, समोर खिंड, नदीचा आवाज बंद. पावलांचे मीटर बाबांनी केले नव्हते. ते पट्टीनं केले, दोन मिनिटांत. एकेचाळीसशे गुणिले ऐंशी, तीन हजार दोनशे ऐंशी मीटर. नदीच्या वळणावळणानं तिनं ते अंतर नकाशावर नेलं, टोकाला लाल ठिपका दिला आणि नकाशा खात्याला पाठवून दिला.

पाहणीच्या दिवशी खात्याचे साहेब जीप घेऊन आले, सोबत दगड घडवणारा पाथरवट. जीप वरच्या डांबरी रस्त्यानं गेली आणि लाल ठिपक्याच्या वर थांबली. तिघं शेतातून उतरले. ठिपक्याच्या जागी पोल्ट्री होती. जाळीचं कुंपण, पत्र्याची लांब शेड आणि आत दोनेक हजार कोंबड्या, एकाच वेळी बोलणाऱ्या. झरा नव्हता. खिंड नव्हती, समोर नुसती टेकडीची पाठ. नदी तर इतकी खळखळत होती की साहेबांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी आधी नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा, मग म्हणाले की सेनापतीला कोंबड्यांत पुरल्याचं वरती सांगितलं तर आपली बदली होईल. पाथरवट हसला. पट्टीचे कान तापले. साहेबांनी समजावलं की शुक्रवारी त्यांना अहवाल द्यायचाय. विद्वानांच्या मंडळानं आधीच दुसरी जागा सुचवली आहे, जुन्या किल्ल्यापाशी, रस्ताही चांगला आहे. इथलं पटलं नाही तर दगड तिकडे जाईल आणि बाबांच्या अर्जावर 'निराधार' असा शेरा पडून फाइल बंद होईल. मग पुन्हा उघडत नाहीत.

"मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," पट्टी म्हणाली.

घरी येताना तिचं डोकं फिरलेलं होतं. म्हणजे बाबांनी थाप मारली? आई मरणाच्या दारात असताना आठवडाभर कुठंतरी भटकून आले आणि झरा, खिंड, दगड असं काहीबाही वहीत लिहून ठेवलं? माणूस चुकतो हे ती मान्य करायला तयार होती. पण बाबांचं पाऊल चुकत नसे. पाऊल चुकत नसेल तर माणूस खोटा, एवढंच उरत होतं, आणि ते तिला गिळवत नव्हतं. इतक्या वर्षांच्या रागातही बाबा खोटे आहेत असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ती मोजणीचं चाक घेऊन एकटीच उतारावर गेली. दांड्याला चाक, चाकाला आकडा. जमिनीवरून ढकलत न्यायचं. दगडी खांब होता, कंबरेएवढा उरलेला. तिनं आकडा शून्यावर आणला आणि काठच्या वाटेला लागली. वहीत पहिली खूण होती, १८० ब, कट्टा. हिशोबानं कट्टा एकशे चव्वेचाळीस मीटरवर हवा. एकशे चव्वेचाळीसवर नुसतं गवत होतं. तिनं मागं वळून पाहिलं. कट्टा ती मघाशीच ओलांडून आली होती. परत जाऊन तिनं आकडा बघितला, ब्याण्णव मीटर.

पुढची खूण होती, ४०० ब, पडकी भिंत. हिशोबानं तीनशे वीसवर. ती भिंत तिला दोनशे चारवर भेटली.

पट्टी तिथंच उभी राहिली आणि तिनं मनातल्या मनात भागाकार केला. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. एकावन्न. कुणीतरी ही वाट एकावन्न सेंटीमीटरच्या पावलांनी चाललं होतं, आणि नेमानं, एकही पाऊल लांब न टाकता. ते बाबांचं पाऊल नव्हतं. एवढंसं पाऊल टाकायचं तर त्यांना पाय बांधून चालावं लागलं असतं.

तिला वाटलं, बाबाच आजारी होते की काय तेव्हा? आपल्याला कळू दिलं नाही? ती पुढं चालत राहिली आणि प्रत्येक 'ब' पाशी थांबत गेली. एका ठिकाणी मोरीचा कठडा. एका ठिकाणी रुंद बुंध्याचं झाड, मुळं बाकासारखी वर आलेली. आणखी एक भिंत. सगळ्याच टेकायच्या जागा. 'ब' म्हणजे बसलो, हे तिला सहाव्या की सातव्या वेळी कळलं, आणि मग तिनं चालता चालता आधीच्या वह्या आठवून पाहिल्या. तीस वह्यांत एकही 'ब' नव्हता. बाबा बसत नसत. बाबा उभ्यानं पाणी पीत.

दोन हजार एक्क्याण्णव मीटरवर झरा होता.

झरा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं, खडकातून बोटभर पाणी येत होतं. उजव्या हाताला दोन सपाट दगड. समोर डोंगरात खिंड, आणि खिंडीतून आभाळाचा तुकडा. नदी इथं खोल होऊन गप्प झाली होती. पट्टीला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. सगळं होतं. बाबांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. ती दगडावर बसली आणि मांडीवर ते पान उघडून, या वेळी आकड्यांकडे न पाहता, नुसतं पाहत राहिली.

मग तिला काड्या दिसल्या. बाबांच्या काड्या उभ्या असत, ओळंब्यानं मारल्यासारख्या. या पानावरच्या काड्या सगळ्या डावीकडे झुकलेल्या होत्या. हे तिनं आधीही पाहिलं होतं. चालता चालता लिहिलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. नकाशे काढणाऱ्या बाईनं असं काही सोडून द्यायला नको होतं. घरात एकच माणूस अशा काड्या मारायचं. दुधाच्या वहीत, धोब्याच्या वहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आई डावखुरी होती.

तिनं तिथूनच मावशीला फोन लावला. कशी आहेस, बरी आहेस, असलं काही न बोलता तिनं विचारलं की आई तेव्हा तुझ्याकडे आठवडाभर होती ना?

मावशी म्हणाली, "नव्हती गं. माझ्याकडे आलीच नाही ती."

"मग तू तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, ज्या मेल्यापायी आयुष्यभर घरात नकाशे पसरलेत, तो कुठं पडलाय ते मला एकदा बघू दे. डॉक्टर तर नाहीच म्हणाला होता, आणि तुला कळलं असतं तर तू दोघांनाही घरात कोंडून घातलं असतंस. तुझा बाप तिला एका हातानं धरून चालत होता. म्हणून वही तिच्याकडे दिलेली. मला फोनवर सांगत होती हसत हसत, बाई गं, आज पहिल्यांदा हा माणूस माझ्या शेजारून चालला."

पट्टीनं ते विचारलंच, कारण विचारल्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती म्हणाली की अंत्यविधीला मी त्यांना इतकं बोलले, तेव्हा तरी तू बोलायचंस.

"निघाले होते मी सांगायला. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, राहू दे. तिला असं वाटेल की मी नेलं म्हणून तिची आई लवकर गेली. त्यापेक्षा मी नव्हतो असं वाटलेलं बरं." मावशीचा आवाज फाटला. "त्याला स्वतःलाच तसं वाटत होतं, पट्टी. म्हणून तर तो पुन्हा तिकडे मोजायला गेला नाही."

फोन ठेवल्यावर पट्टी रडली. दुपारी, भर उन्हात, मोठ्यानं, नाक पुसायला रुमालसुद्धा जवळ नसताना. नऊ वर्षं ती त्या माणसाकडे दर रविवारी गेली होती. तो दार उघडायचा, औषधाच्या पिशवीबद्दल आभार मानायचा, जसे परक्याचे मानतात, आणि तिचं बोलणं ऐकत खुर्चीत बसून राहायचा. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. ते वाक्य त्यानं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तिच्यासाठी. आणि ती बस चुकेल म्हणून उठत होती.

तिला आणखी एक गोष्ट आठवली आणि ती जास्तच लागली. सेनापतीच्या शेवटच्या प्रवासाची एकच हकीकत उरली आहे, त्याच्या फौजेतल्या एका आचाऱ्यानं म्हातारपणी सांगितलेली. झोळी उचलणाऱ्या चौघांत तो होता. त्याच्या हकीकतीतल्या सेनापतीजवळ ना घोडा, ना तलवार. आचारी सांगतो, आमचं पाऊल जोरात पडलं की तो ओठ चावायचा, ओरडायचा नाही. म्हणून आम्ही त्याच्या श्वासाच्या चालीनं चाललो. दुपारी निघालो, दिवस कलताना झऱ्यापाशी पोचलो. त्यानं पाणी मागितलं, खिंडीकडे पाहिलं आणि संपला. अर्धा दिवस चालले, एवढं धरून विद्वानांनी फौजेच्या चालीनं अंतर काढलं आणि त्याला पार किल्ल्यापर्यंत नेऊन पुरलं. बाबांनी आपल्या अर्जात त्यावर एकच वाक्य लिहिलं होतं. जखमी माणसाला नेणारी माणसं फौजेच्या चालीनं चालत नाहीत. पट्टीनं तो अर्ज वाचला होता. त्यातल्या दोन शब्दांचं शुद्धलेखनही तिनं सुधारलं होतं. आणि मग बाबांच्या पावलांचे मीटर करताना तिनं विद्वानांसारखाच गुणाकार केला.

शुक्रवारी साहेब पुन्हा आले, या वेळी खालच्या वाटेनं, चालत. झरा पाहिला, खिंड पाहिली, कान देऊन नदी ऐकली. पाथरवटानं दोन सपाट दगडांवरून हात फिरवला आणि सांगितलं की हे मुळातले इथले नव्हेत, कुणीतरी खालून वाहून आणलेत, कधी आणि का ते देव जाणे. साहेबांची खात्री पटली होती, पण पाठवलेला नकाशा चुकला होता, आणि खात्यात चूक सुधारायची तर दुरुस्तीचा कागद लागतो. त्यांनी तो बॅगेवर ठेवून पुढं केला. त्यात एक रकाना होता, चुकीचं कारण. साहेब मायेनं म्हणाले की यंत्रातला बिघाड लिहा, सगळे तेच लिहितात, कुणी विचारत नाही.

पट्टीनं पेन घेतलं. तिचं अक्षर नकाशावरच्या अक्षरासारखं सुटं आणि सरळ होतं. तिनं लिहिलं:

'मोजणीदाराचं पाऊल नेहमीप्रमाणे ८० सेंटीमीटर धरलं गेलं. ही चूक नकाशा काढणारीची आहे, मोजणीदाराची नाही. त्या दिवशी मोजणीदार आपल्या आजारी पत्नीला धरून तिच्या चालीनं चालत होता. तरी पाऊल ५१ सेंटीमीटर धरावं. मोजणी दोघांची आहे.'

साहेबांनी वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. मग खाली सही केली, कागदाची घडी घातली आणि बॅगेत न ठेवता खिशात ठेवली. दगडावर काय कोरायचं ते पाथरवटानं विचारलं, तेव्हा सेनापतीच्या नावाखाली जागा शोधणाऱ्यांची नावं दोन येतील, असं साहेबांनीच सांगितलं.

ते दोघं जीपकडे गेले. पट्टी मागं राहिली. परत जाताना तिनं चाक खांद्यावर टाकलं आणि पावलं मोजत निघाली, एकावन्नचं एक, एकावन्नचं एक. सोपं असेल असं तिला वाटलं होतं. पण ते जमेना. दहा पावलं नीट पडायची आणि अकरावं लांब जायचं. बाबांचेच पाय होते तिचे. पुन्हा मागं जायचं, पुन्हा सुरुवात. शेजारी कुणी धरलेलं नसताना इतकं हळू चालताच येत नव्हतं. एकेचाळीसशे पावलं त्या माणसानं कशी टाकली असतील, तीही एकही न चुकता?

पडक्या भिंतीपाशी ती थांबली, जिथं वहीत 'ब' होतं, आणि बसली. वाट पुढं उताराकडे जात होती आणि वाटेवर कुणी नव्हतं. पावलं मोजणारा माणूस आता मागं वळून पाहणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, अगदी हळू, "बाबा, थांबा ना."